गाव शहरात आले, निस्तार कुठे गेला?

हुडकेश्वर हे नाव आज नागपुरात तीन ठिकाणी हमखास दिसते : रस्त्याच्या पाटीवर, पोलीस ठाण्याच्या फलकावर आणि प्लॉटच्या जाहिरातीत. गाव म्हणून ते फारसे कोणाला आठवत नाही. २०१३ मध्ये हुडकेश्वर आणि शेजारचे नरसाळा ही दोन्ही गावे नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आली. ग्रामपंचायत गेली, नगरसेवक आले. शेतं आधीच ले-आउट झाली होती. आता एखाद्या दहावीतल्या मुलाला 'तुझं गाव कोणतं?' असे विचारले तर तो आईवडिलांचे गाव सांगतो. तो ज्या जमिनीवर उभा आहे तेही एक गाव होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मुस्लीम तरुणांच्या मासिकाने या गावाची गोष्ट का सांगावी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. हुडकेश्वर ही काही 'आपली' वस्ती नाही. तिथे मुस्लीम घरे थोडी आहेत. पण मित्रांनो, आपण फक्त आपल्या मोहल्ल्याचा इतिहास सांगायचा आणि बाकी शहराचा इतिहास दुसऱ्यांनी सांगायचा, ही वाटणी मला मान्य नाही. शहर आपलेही आहे. गावाचे शहर होताना नेमके काय होते, कोणाचे काय जाते आणि कोणाला काय मिळते, हे ज्याला कळत नाही त्याला आपले हक्क मागताही येत नाहीत. म्हणून या वेळी हुडकेश्वर.

बारा वाड्यांचे शहर

गावे गिळत वाढणे हा नागपूरचा जुना स्वभाव आहे. खरे तर हे शहर जन्मालाच तसे आले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून इथे नगर वसवले. या बारा वाड्यांना 'राजापूर बारसा' म्हणत. त्यातली काही नावे आजही आपल्या तोंडी आहेत : सीताबर्डी, सक्करदरा, लेंड्रा, फुटाळा, हिवरी. सीताबर्डीला आज मेट्रो थांबते. ती एकेकाळी वाडी होती, हे आज खरेदीला जाणाऱ्या कोणाच्या मनातही येत नाही.

बख्त बुलंद गोंड होता आणि त्याने इस्लाम स्वीकारला होता. बख्त बुलंद हे नाव त्याला औरंगजेबाच्या दरबारात मिळाले, आणि पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध त्याने बंड केले. धर्म बदलल्यावरही त्याने आपले गोंडपण सोडले नाही, प्रजेवर धर्म लादला नाही. त्याने बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावून या मैदानात वसवले. कारभारात कर्तबगार हिंदू आणि मुसलमान दोघांनाही घेतले. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाने नगराभोवती कोट बांधला आणि जुम्मा तलाव केला. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तोच शुक्रवारी तलाव आणि तोच आजचा गांधीसागर. तीन नावे, पाणी एकच.

हा इतिहास मी छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. 'शहर आमच्या राजाने वसवले' ही घोषणा जितकी पोकळ, तितकाच 'तुम्ही बाहेरचे' हा टोमणा पोकळ. या मातीत पहिला हक्क सांगायचाच असेल तर तो गोंडांनी सांगावा. बाकी आपण सगळे नंतर आलो. भोसल्यांबरोबर आले, रेल्वेबरोबर आले, १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले. उत्तरेकडून मोमीन विणकर आले, इथले कोष्टी होतेच, आणि दोघांच्याही घरातून हातमागाचा आवाज येत राहिला. कोणी आधी, कोणी नंतर. नागपूर ही येणाऱ्यांची बेरीज आहे.

हुडकेश्वरपासून काही किलोमीटरवर, उमरेड रोडला ताजबाग आहे. बाबा ताजुद्दीन १८६१ मध्ये कामठीत जन्मले. त्यांना वेडे ठरवून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले होते. १९०८ मध्ये रघूजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. सावनेरजवळच्या वाकी गावात काशीनाथ पाटलांकडेही त्यांचा मुक्काम असे. १७ ऑगस्ट १९२५ ला त्यांचे निधन झाले. त्यांना शंभर वर्षे होऊन गेली, आणि त्यांच्या दर्ग्याभोवती एक आख्खी वस्ती उभी राहिली. एका मुसलमान फकिराला मराठा राजाने आणि गावच्या पाटलाने घरात ठेवून घेतले, ही गोष्ट याच दक्षिण नागपूरची आहे. तेव्हा या बाजूला शहर पोचलेही नव्हते.

कागदाची भाषा

आता कागदाकडे वळू. हुडकेश्वरमधल्या कोणत्याही प्लॉटची रजिस्ट्री उघडा. पहिल्या पानावर मजकूर असा काहीसा असतो : मौजा हुडकेश्वर, पटवारी हलका नंबर अमुक, खसरा नंबर तमुक. गाव नकाशावरून पुसले गेले तरी कागदावर 'मौजा' म्हणून जिवंत आहे. पुण्याकडचा माणूस गट नंबर, सर्व्हे नंबर म्हणतो. आपण विदर्भातले लोक खसरा म्हणतो. तो तलाठी म्हणतो, आपण पटवारी म्हणतो. कारण आपला महसूल मध्य प्रांताच्या पठडीत घडला.

ते कसे झाले, तेही थोडक्यात पाहू. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले आणि इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात त्यांनी गावोगावच्या मालगुजारांना जमिनीची मालकी दिली. गाव मालगुजाराचे, कसणारे त्याचे कूळ. पण गाव म्हणजे फक्त शेतं नसतात. गुरे कुठे चरतील, आखर कुठे असेल, जळण कुठून आणायचे, तलावाचे पाणी कोणी कसे घ्यायचे, पांदण कोणाच्या शेताजवळून जाणार, प्रेत कुठे जाळायचे आणि मय्यत कुठे दफन करायची, या सगळ्या गोष्टींवर गावाचा सामायिक हक्क होता. त्याला 'निस्तार' म्हणत. गावाच्या चालीरीती आणि वहिवाटीचे हक्क ज्या कागदात नोंदवत त्याचे नाव 'वाजिब-उल-अर्ज'.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारांचे हे हक्क सरकारजमा झाले. निस्तार मात्र राहिला. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज ही नावे तशीच आहेत.

मराठी शाळेत शिकलेल्या मुस्लीम मुलाला अनेकदा सुनावले जाते की त्याची भाषा 'शुद्ध' नाही. त्या मुलाने एकदा पटवाऱ्याच्या दफ्तरात जाऊन बसावे. मौजा, तहसील, रयत, हद्द, हक्क, वारस, कब्जा, नक्कल, मालगुजार, आबादी. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द वापरल्याशिवाय या राज्यातल्या एकाही शेतकऱ्याला आपली जमीन आपली म्हणून सिद्ध करता येत नाही. हे शब्द 'आपले' आहेत असे मी म्हणत नाही. ते मराठीचे आहेत, म्हणूनच ते आपल्या सगळ्यांचे आहेत.

शेताचा प्लॉट कसा होतो

हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, पिपळा, दिघोरी, वाठोडा. शहराच्या कडेच्या या सगळ्या गावांत एकच गोष्ट थोड्याफार फरकाने घडली. शेतीचे उत्पन्न घटत गेले आणि जमिनीची किंमत चढत गेली. शेतकऱ्याने एकर-दोन एकर विकले. घेणाऱ्याने चुन्याच्या रेषा आखल्या, मुरूम टाकून रस्ता केला, कमान उभी केली आणि ले-आउटला नाव दिले. प्लॉट घेणारे कोण? शिपाई, मास्तर, ऑटोचालक, दुकानात काम करणारे, छिंदवाडा-भंडाऱ्याकडून आलेले मजूर. शहरात घर परवडत नाही म्हणून ते कडेला आले. अकृषक परवानगी आहे का, ले-आउट मंजूर आहे का, हे विचारण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. मंजूर ले-आउट महाग, नामंजूर स्वस्त.

मग घर बांधले. ग्रामपंचायतीने नमुना आठमध्ये नाव चढवले आणि घरटॅक्सची पावती दिली. लोकांनी ती पावती मालकीचा पुरावा समजून जपून ठेवली. टॅक्सची पावती म्हणजे मालकी नाही आणि बांधकामाची परवानगीही नाही, हे त्यांना पुढे कर्ज काढताना बँकेत कळले.

नागपूरकरांना '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे आकडे तोंडपाठ आहेत. शहराच्या हद्दीतले हे नामंजूर ले-आउट नियमित करता करता नागपूर सुधार प्रन्यासच्या फाइलींचे डोंगर झाले. १९३६ च्या कायद्याने झालेल्या या संस्थेचे 'आरएल' पत्र हाच इथल्या सामान्य माणसाचा परवाना. 'प्लॉटला आरएल आहे का?' हा प्रश्न इथे स्थळ पाहताना पगार विचारावा तितका महत्त्वाचा. अख्ख्या राज्यात असे इतके ले-आउट झाले की सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. आधी त्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. वीस वर्षांत प्रश्न मिटला नाही, म्हणून तारीख पुढे ढकलली.

मी स्वतः या बाजूला प्लॉट पाहत होतो तेव्हाची एक गोष्ट. फोनवर बोलणे ठरले, भाव ठरला. जागा पाहायला गेल्यावर दलालाने नाव विचारले. संध्याकाळी फोन आला, 'भाऊ, तो प्लॉट बुक झाला.' महिनाभर त्याच प्लॉटची पाटी तिथेच होती. तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव नवा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण एक सांगतो. ज्या जमिनीवर मला नाव विचारले गेले, तिच्या कागदात दोनशे वर्षांपूर्वीची मालकी सांगायला कोणाच्याही बापजाद्यांचे नाव सापडणार नाही. कूळ बदलले, मालगुजार बदलले, सरकारे बदलली. खसरा नंबर तेवढा मागे उरला.

कोणता रकाना गळून पडला

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या यंत्रणेतली माहिती नव्या यंत्रणेत नेताना एक धोका असतो. जुन्या तक्त्यात असलेला एखादा रकाना नव्या तक्त्यात नसेल, तर त्यातली माहिती गुपचूप गळून पडते. काही मोडल्याचा संदेश येत नाही. यंत्रणा चालू राहते. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतो, 'ते कुठे गेले?' तेव्हा कळते.

गाव महापालिकेत येते तेव्हा नेमके हेच होते. सातबारा पुढे जातो, कारण त्यात मालकाचे नाव असते आणि मालक जागा असतो. घरटॅक्स पुढे जातो, कारण त्यात महसूल असतो. निस्तार मात्र पुढे जात नाही. त्याला मालक नसतो, भाव नसतो, आणि महापालिकेच्या तक्त्यात तसा रकानाही नसतो. गुरचरण 'मोकळी जागा' बनते. पांदण कोणाच्या तरी कंपाउंडमध्ये जाते. बोडी बुजते, नाल्यावर स्लॅब पडतो. दहा टक्के खुली जागा सोडायची म्हणून ले-आउटच्या नकाशावर हिरवा चौकोन असतो. प्रत्यक्षात तिथे कधी कचरा असतो, कधी कोणाची गाडी, कधी एखादे अर्धवट बांधकाम.

पाणी मात्र जुना नकाशा विसरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठची घरे पाण्याखाली गेली. ती काही गरिबांची वस्ती नव्हती. पश्चिम नागपुरातल्या सुखवस्तू कॉलन्या होत्या. पात्र आणि नाले आवळले की पावसाला सातबारा दाखवून उपयोग नसतो. दक्षिणेकडे पोहरा नदी पिपळा फाटा, नरसाळा या बाजूने जाते. तिच्या काठचे ले-आउट बघितले की पश्चिमेचा तो पहाट-प्रसंग आठवतो.

निस्तारातली दुसरी गोष्ट म्हणजे मृत्यूची जागा. संहितेचे कलम २२ वाचा. जिल्हाधिकारी सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवू शकतात त्याची यादी तिथे आहे : गुरचरण, खळे, बाजार, गावठाण, दफनभूमी, दहनभूमी. एकाच ओळीत. कायद्याच्या नजरेत कब्रस्तान आणि स्मशान या गुरांच्या चराईसारख्याच सार्वजनिक गरजा आहेत. आज नव्या ले-आउटमध्ये कोणी कब्रस्तानाचा विषय काढला तर तो ताबडतोब 'धर्माचा विषय' होतो, आणि मग कुजबुज सुरू होते. परिणामी नव्या वस्तीतली मय्यत मैलोन् मैल जुन्या कब्रस्तानाकडे न्यावी लागते, आणि तिथेही जागा कमी पडत जाते. स्मशानघाटाचेही तेच. शेजारच्या कुणबी आणि बौद्ध घरांना विचारा, तेही हेच सांगतील. ही मागणी आपण एकट्याने करायची नाही. 'या मौजाच्या निस्तारात दफनभूमी आणि दहनभूमीसाठी किती जागा होती आणि ती आज कुठे आहे?' हा प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारायचा आहे. प्रश्न असा मांडला की त्यात धर्म उरत नाही, हिशेब उरतो.

आणि कायदा या बाजूने आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला स्पष्ट सांगितले की गावाच्या सामायिक जमिनी आणि तलाव गावाच्या उपयोगासाठी आहेत, त्यांच्यावरची अतिक्रमणे काढण्यासाठी राज्यांनी योजना करावी. निकाल आहे. तो वापरणारी माणसे कमी आहेत.

कागद आणि बुलडोझर

कागद वाचण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा थोडी जास्त आहे. ती का, हे मार्च २०२५ ने दाखवले.

१७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून महाल भागात दंगल उसळली. एका माणसाचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. त्यात दगड मारणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीच्या कुटुंबाचे घर पाडले. कारण सांगितले, नकाशा मंजूर नाही. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर घर पडले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी चारच महिने, १३ नोव्हेंबर २०२४ ला, पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडता येणार नाही असे बजावले होते. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयात माफी मागितली.

मंजूर नकाशा नसलेली घरे या शहरात किती आहेत, याचे उत्तर शोधायला सर्वेक्षण लागत नाही. २००१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती हीच त्याची सरकारी कबुली आहे. परवानगीशिवाय घर बांधणे ही या शहराच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येक जातीधर्माच्या गरीब माणसाची कहाणी आहे. ती कहाणी एकाच्या बाबतीत 'गुंठेवारी' ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'अतिक्रमण', तेव्हा प्रश्न नकाशाचा राहत नाही. कायदा सगळ्यांना सारखा लावा, एवढेच आपले म्हणणे. संविधानाच्या कलम १४ चा अर्थही तोच.

हे म्हणताना आपल्या घरातही बघावे लागेल. आपल्या मोहल्ल्यांत किती व्यवहार आजही नोटरीच्या कागदावर होतात? 'अपना आदमी है' म्हणून रजिस्ट्री न करता पैसे देणारे आणि नंतर एकच प्लॉट तिघांना विकला गेल्याचे कळल्यावर डोक्याला हात लावणारे प्रत्येक वस्तीत आहेत. फसवणारा 'अपना'च असतो. शेताला प्लॉटचा भाव आला की भाऊ बहिणींना तहसीलमध्ये नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. हे हिंदू घरांत होते, तसे आपल्याही घरांत होते. ज्या धर्मग्रंथात मुलीचा वाटा आकडेवारीने सांगितला आहे, त्याच्या अनुयायांच्या फेरफारात मुलीचे नाव दिसत नाही. सरकारकडे हिशेब मागण्याआधी हा हिशेब घरात मांडू या. अब्बांच्या नावावरच्या घरात बहिणीचे नाव चढले आहे का, हे तपासायला मोर्चा काढावा लागत नाही.

आता काय करायचे

संपादकीयात उपदेश पुष्कळ असतो, काम थोडे. म्हणून कामे सांगतो.

पहिले, आपण राहतो ती जागा कोणत्या मौजात येते आणि तिचा खसरा नंबर कोणता, हे शोधा. महाभूलेखवर सातबारा घरबसल्या दिसतो. ज्यांच्याकडे आखीव पत्रिका आहे त्यांनी ती पाहावी. घराचा नकाशा, आरएल, टॅक्स, रजिस्ट्री हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या बायकांनाही ती फाइल कुठे आहे ते माहीत असू द्या. गुंठेवारीत बसत असेल तर अर्ज करा. 'बघू पुढे' म्हणू नका.

दुसरे, आपल्या मौजाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा, म्हणजे २००५ च्या कायद्याचा अर्ज करा. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद गाव नमुना एक-इ मध्ये असते, तीही मागा. मग ती यादी घेऊन पायी फिरा. कागदावर तलाव आहे, जागेवर काय आहे? कागदावर पांदण आहे, जागेवर कोणाची भिंत आहे? फोटो काढा, तारीख टाका, नकाशावर खूण करा. तुमच्यापैकी निम्मे अभियांत्रिकी शिकताहेत, हे काम तुम्हाला दोन रविवारचे आहे.

तिसरे, गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा. कुणबी, गोंड, बौद्ध, तेली, मुसलमान, सगळ्यांकडे. पोळ्याला बैल कुठे जमायचे, विहिरीवर कोणाला पाणी भरू देत आणि कोणाला नाही, ताजिया कुठून निघायचा, पहिला नळ कधी आला. विहिरीचा प्रश्न टाळू नका. गाव म्हणजे केवळ गोडवा नव्हता. निस्तारातही सगळ्यांना सारखा वाटा नव्हता, आणि वेशीबाहेर राहणाऱ्यांनी तो झगडून मिळवला. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या शहरात लाखो लोकांनी जातीची वेस ओलांडली, त्या शहराच्या गावांचा इतिहास लिहिताना ती वेस गाळता येणार नाही.

चौथे, विकास आराखड्याचे प्रारूप जाहीर होते तेव्हा हरकती-सूचनांची मुदत असते. ती बातमी आपल्या ग्रुपवर फिरत नाही. तिथे दुसऱ्याच बातम्या फिरतात. शाळा, दवाखाना, मैदान, दफनभूमी, दहनभूमी यांचे आरक्षण कुठे आहे आणि कुठे उठवले जात आहे, यावर लेखी हरकत नोंदवा. शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. एका अर्जावर शेख, वानखेडे, मडावी आणि ठाकरे अशा सह्या असतील तर त्या अर्जाकडे 'एका समाजाची मागणी' म्हणून बघता येत नाही.

ही कामे करून लगेच काही मिळेल असे नाही. बुजलेली बोडी परत येणार नाही. पण हुडकेश्वरच्या पलीकडेही गावे आहेत. २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत आलेल्या शेकडो गावांत आज तेच चालले आहे : चुन्याच्या रेषा, मुरूम, कमान, नाव. तिथला निस्तार अजून पूर्ण गळालेला नाही. तिथल्या पांदणी अजून चालता येतात आणि काही तलावांत अजून पाणी आहे. ज्यांनी हुडकेश्वरचा कागद वाचला असेल, तेच त्या गावांना वेळेत सावध करू शकतील.

'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर विचारला जाणार आहे. त्याला आजोबा-पणजोबांच्या गावाचे नाव सांगून उत्तर द्यायची सवय आपण लावून घेतली आहे. यापुढे आपण राहतो त्या मौजाचे नाव सांगू. तिथल्या तलावाचे, नाल्याचे आणि पांदणीचे काय झाले, तेही सांगू. ज्याला आपल्या गावाचा निस्तार ठाऊक आहे, तो त्या गावचा.